बाहेर गेलेला गडी परत यावा का? रग्बीतला एक जुना वाद

२ नोव्हेंबर २०१९. जपानमधलं योकोहामा, रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या काईल सिंकलरला स्वतःच्याच सहकाऱ्याच्या कोपराचा मार बसला आणि तो बेशुद्ध पडला. सिंकलर हा टाइटहेड प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांच्या रेटारेटीत, पहिल्या रांगेत उजवीकडे खांदा लावणारा गडी. हे काम येणारा एकच जण बाकावर होता, डॅन कोल. तो उतरला आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत तोच खेळला.

कोलसमोर आधी होता टेंडाय मटावारिरा, ज्याला सगळे 'बीस्ट' म्हणत. त्याने कोलला स्क्रममागून स्क्रम मागे रेटलं. मग मध्यंतराच्या आगेमागे दक्षिण आफ्रिकेने आपले दोन्ही प्रॉप बदलले. बीस्ट गेला आणि ताज्या दमाचा स्टीव्हन किट्सऑफ आला. कोल मात्र तोच. सामना ३२-१२ असा दक्षिण आफ्रिकेने जिंकला. त्या दिवशी कोलचं जे झालं ते मनात ठेवूनच हा सगळा विषय समजून घ्यावा, असं मला वाटतं.

प्रश्न असा आहे: रग्बीत एकदा डावपेच म्हणून बाहेर काढलेला खेळाडू विश्रांती घेऊन परत मैदानात येऊ शकावा का? याला रोलिंग सबस्टिट्यूशन म्हणतात, आपण फिरती अदलाबदल म्हणू. हॉकीत ती आहे. बास्केटबॉलमध्ये आहे. कबड्डीतही राखीव गडी आत आला आणि मूळ गडी बाहेर बसला, तरी त्याला पुन्हा चटईवर आणता येतं. उलट फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला गेलाच. आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेअर नियमातही ज्याच्या जागी दुसरा आला तो त्या सामन्यात पुन्हा खेळत नाही. मोठ्या स्तरावरची पंधरा जणांची रग्बी, जिला रग्बी युनियन म्हणतात, ती या दुसऱ्या गटातली.

आपल्याकडे अनेकांनी रग्बी पाहिली ती जून २०२५ मध्ये, अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमध्ये. ती सात जणांची, छोट्या सामन्यांची रग्बी. इथे बोलतोय ते पंधरा जणांच्या, ऐंशी मिनिटांच्या खेळाबद्दल.

आजचा नियम थोडक्यात असा. आंतरराष्ट्रीय सामन्यात २३ जणांचा संघ, त्यातले १५ मैदानावर आणि ८ बाकावर. आठही जण वापरता येतात. मात्र डावपेच म्हणून ज्याला बाहेर काढलं, तो काही ठरावीक कारणांसाठीच परततो. कुणाचं रक्त वाहत असेल तर तेवढ्यापुरता, कुणाच्या डोक्याला मार लागून तपासणी सुरू असेल तर तेवढ्यापुरता, प्रतिस्पर्ध्याच्या नियमबाह्य खेळाने कुणी जखमी झाला तर, आणि पहिल्या रांगेतला गडी कमी पडला तर. डोक्याच्या तपासणीला १२ मिनिटं मिळतात, रक्त थांबवायला १५.

म्हणजे दार अगदी बंद नाही, किलकिलं आहे. ते किलकिलं ठेवण्यातूनच रग्बीतली एक मोठी लबाडी घडली, तिच्याकडे येतोच. आधी थोडा इतिहास, कारण आजचा वाद तिथूनच येतो.

१९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय रग्बीत बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. हाड मोडलं तर मोडलं, उरलेल्या चौदा जणांनी सामना संपवायचा. त्या वर्षी जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची परवानगी मिळाली. जूनमध्ये प्रिटोरियात ब्रिटिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा मिळून निवडलेला संघ, दक्षिण आफ्रिकेशी खेळत असताना वेल्सच्या बॅरी जॉनच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि आयर्लंडचा माइक गिब्सन त्याच्या जागी आला. आंतरराष्ट्रीय रग्बीतला तो पहिला बदली खेळाडू. हा बॅरी जॉन लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पुढची जवळपास तीन दशकं बदल फक्त दुखापतीसाठीच होता. १९९६ मध्ये डावपेच म्हणून बदल करायची मुभा आली. रग्बी युनियन व्यावसायिक झाली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आता प्रशिक्षक कुणालाही, धडधाकट असला तरी, बाहेर बोलावू शकत होता. बाकही लांबत गेला. २०११ च्या विश्वचषकात संघ २२ जणांचा होता, पुढे तो २३ चा झाला. तो वाढीव एक जण पहिल्या रांगेसाठी.

पहिल्या रांगेचं एवढं काय कौतुक? स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून एकमेकांत डोकी अडकवतात आणि रेटतात. आंतरराष्ट्रीय संघाच्या आठ जणांचं वजन मिळून ९०० किलोच्या आसपास भरतं. तो सगळा भार पुढच्या तिघांच्या मानेतून आणि पाठीतून जातो. ज्याला हे काम शिकवलेलं नाही त्याला तिथे उभं करणं म्हणजे त्याचा मणका पणाला लावणं. त्यामुळे शिकलेले तिघे उरले नाहीत तर रेटारेटीशिवायचा, नावापुरता स्क्रम होतो. मग मुद्दाम ती वेळ आणून स्क्रमची हार टाळावी असं कुणाच्या मनात येऊ नये म्हणून दंडही ठेवला: ज्याच्यामुळे हे घडलं त्या संघाचा आणखी एक गडी कमी. फेब्रुवारी २०२२ मध्ये डब्लिनला इटलीने हे भोगलं. त्यांचा हुकर, म्हणजे पहिल्या रांगेतला मधला गडी, जखमी झाला, त्याच्या बदलीला विसाव्या मिनिटाच्या आत लाल कार्ड मिळालं, तिसरा हुकर नव्हता. इटली जवळजवळ तासभर तेरा जणांनी खेळली आणि ५७-६ अशी हरली.

आता मूळ वादाकडे. बाहेर गेलेला परत आला तर बिघडतं कुठे, हे कळण्यासाठी रग्बीत दमण्याचं काम काय असतं ते पाहावं लागेल. हे समजलं की वादातलं निम्मं समजलं.

पंधरा जणांमध्ये आठ फॉरवर्ड असतात, अंगाने थोराड, चेंडूसाठी झगडणारे. सात बॅक असतात, चपळ, पळणारे. पहिल्या वीस मिनिटांत फॉरवर्ड ताजे असतात. बचावाची भिंत सलग असते, दोघांमधून उंदीर जाणार नाही. चेंडू घेऊन येणारा त्या भिंतीवर आदळतो, खाली पडतो, पुन्हा कुणीतरी आदळतो. कंटाळवाणं दिसतं, पण यात एक गुंतवणूक चालू असते. दर टक्करीनंतर १२० किलोच्या माणसाला जमिनीवरून उठून भिंतीतली आपली जागा गाठावी लागते. दहाव्या मिनिटाला तो जितक्या झटक्यात उठतो तितक्या झटक्यात साठाव्या मिनिटाला उठत नाही. भिंतीत फट पडते. आणि त्या फटीतून एखादा ८० किलोचा बॅक वाऱ्यासारखा निघून जातो.

रग्बीतले जे क्षण पाहून आपण खुर्चीतून उठतो ते बहुतेक अशा फटींतून येतात. त्या आधीच्या तासाभराच्या कष्टांनी कमावलेल्या असतात. समोरच्याला दमवणं हा या खेळात डावपेचाचा भाग आहे. कुस्तीत तगडा पण जाडजूड मल्ल सुरुवातीला भारी वाटतो आणि दमसास असलेला चिवट गडी त्याला पुढे नेऊन चीत करतो, तसंच. त्या तगड्या मल्लाला मध्येच दहा मिनिटं बाहेर बसवून परत आखाड्यात सोडलं, तर दुसऱ्याने आधी केलेल्या मेहनतीला अर्थ काय उरला?

म्हणून योकोहामाचा सामना मी पुन्हा काढतो. समजा त्या दिवशी फिरती अदलाबदल असती. डॅन कोलला विश्रांती मिळाली असती? नाही. सिंकलर जखमी होता, तिसरा टाइटहेड नव्हताच. पण दक्षिण आफ्रिकेला पासष्टाव्या मिनिटाला वीसेक मिनिटं आराम केलेला बीस्ट पुन्हा कोलच्या अंगावर सोडता आला असता. ज्याच्याकडे आधीच जास्त होतं त्याला आणखी मिळालं असतं.

तरीही फिरत्या अदलाबदलीच्या बाजूचे लोक वेडे नाहीत. त्यांचा एक मुद्दा फार वजनदार आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. आज खेळाडूला माहीत असतं की एकदा बाहेर गेलो की परतीची वाट नाही. मग घोटा मुरगळला, बरगडीत कळ आली, डोळ्यासमोर क्षणभर अंधारी आली, तरी तो सांगत नाही. दात दाबून उभा राहतो. परत येता येणार असेल तर तो पाच मिनिटं बाहेर येईल, डॉक्टर नीट पाहतील, आणि खरोखर काही असेल तर ते वेळेत कळेल. दमलेला माणूस टॅकल चुकीच्या उंचीवर करतो, डोकं चुकीच्या बाजूला ठेवतो, हेही खरं.

दुसरा मुद्दा लबाडीचा. एप्रिल २००९, लंडन, युरोपातल्या क्लबांच्या हायनेकेन कपचा उपांत्यपूर्व सामना. आयर्लंडचा लेन्स्टर संघ लंडनच्याच हार्लेक्विन्सविरुद्ध ६-५ असा एका गुणाने पुढे. हार्लेक्विन्सचा हुकमी किकर निक एव्हान्स आधीच बाहेर गेलेला, त्यामुळे परत येऊ शकत नव्हता. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांच्या टॉम विल्यम्सच्या तोंडातून रक्त आलं. रक्त म्हणजे तात्पुरता बदल, आणि तात्पुरत्या बदलासाठी एव्हान्स चालतो. एव्हान्स आला, त्याने ड्रॉप गोलचा, म्हणजे चेंडू जमिनीवर सोडून उसळताच लाथेने खांबांमधून मारण्याचा प्रयत्न केला, चेंडू चुकला, लेन्स्टर जिंकलं. पुढे चौकशीत निघालं की ते रक्त नव्हतंच. विल्यम्सने नाटकात वापरतात तसली लाल रंगाची कॅप्सूल चावली होती, आणि लपवण्यासाठी नंतर कपड्यांच्या खोलीत त्याचा ओठ खरोखर कापला गेला. प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. या प्रकरणाला 'ब्लडगेट' असं नाव पडलं.

समर्थक म्हणतात, परत यायची सरळ मुभा असती तर हे नाटक करायची वेळच आली नसती. बरोबर आहे. पण चोरी होते म्हणून कुलूपच काढून टाकावं, हे मला पटत नाही. ब्लडगेटनंतर रक्ताची तपासणी कडक करणं हा त्यावरचा इलाज होता.

तर एकीकडे खेळाचा गाभा, दुसरीकडे खेळाडूचं अंग. तराजू कुठे झुकतो हे ठरवायला आपल्याला कल्पना लढवत बसायची गरज नाही, कारण दुसऱ्या खेळांनी हा प्रयोग करून पाहिलेला आहे.

सगळ्यात जवळचं उदाहरण रग्बी लीगचं. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब पैशाच्या वादातून वेगळे झाले, त्यांचा हा तेरा जणांचा खेळ. तिथे फिरती अदलाबदल आहे आणि ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. जाडजूड प्रॉप सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं धडका देतात, बाहेर बसून दम घेतात, शेवटी परत येतात. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात अशा बदलांना संख्येची मर्यादाच नव्हती. मग काय झालं पाहा. २००१ मध्ये मर्यादा आली, सामन्याला १२. २००८ मध्ये १०. २०१६ मध्ये ८. इंग्लंडच्या सुपर लीगनेही २०१९ मध्ये दहावरून आठ केली. कारण दर वेळी जवळजवळ तेच: थकवा परत खेळात आणायचा, म्हणजे छोट्या, हुशार, चपळ खेळाडूंना जागा मिळेल.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा वेगळाच खेळ, त्याचंही तेच. तिथे तर खेळाडू सतत आतबाहेर करत. २०१४ मध्ये सामन्याला १२० बदलांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७५. ज्यांनी दार सताड उघडलं होतं ते वीस वर्षं ते हळूहळू लोटून घेत आले आहेत. एवढ्या एका गोष्टीकडे तरी रग्बी युनियनने डोळे उघडे ठेवून पाहावं.

आणि ज्यांनी लोटून घेतलं नाही? अमेरिकन फुटबॉल. हा खेळ रग्बीतूनच निघालेला. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत १९५० पासून अमर्याद बदलांची कायमची मुभा आहे. एकच माणूस हल्लाही करील आणि बचावही, ही गरज संपली. हल्ल्याचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, लाथ मारणारा वेगळा. काही सेकंद जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच काम असेल तर शरीर तसंच घडवलं जातं. आज तिथले लाइनमन १४० किलोच्या आसपासचे असतात. तो खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला रग्बी म्हणता येणार नाही, एवढं नक्की.

माझ्या मते खरा धोका वजनाचा आहे. ऐंशी मिनिटं पळायचं असेल तर माणूस किती जाड होऊ शकतो याला शरीरच मर्यादा घालतं. वीस-वीस मिनिटांचे तुकडे पळायचे असतील तर ती मर्यादा सैल होते. प्रशिक्षक लगेच १० किलो वाढवायला सांगतील. मग सुरक्षिततेसाठी आणलेल्या नियमामुळे मैदानावर कायम ताजे आणि आणखी वजनदार लोक एकमेकांवर आदळत राहतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण यावर नेहमी गल्लत होते. दमलेल्यामुळे दुखापत होते की ताज्यामुळे, असा वाद घातला जातो. १९६८ पूर्वी दमलेला दमलेल्यावर आदळत होता. फिरत्या अदलाबदलीत ताजा ताज्यावर आदळेल. आणि आज? आज पन्नासाव्या मिनिटाला बाकावरून उतरलेला ताजा, १२० किलोचा फॉरवर्ड अशा बॅकवर आदळतो जो पहिल्या मिनिटापासून खेळतो आहे. तिन्हींतला सगळ्यात वाईट प्रकार बहुधा आजचाच आहे. फिरत्या अदलाबदलीला विरोध करणाऱ्याने आजची व्यवस्था निर्दोष आहे असं मानायचं कारण नाही, मी तरी मानत नाही.

दक्षिण आफ्रिकेने ही आजची व्यवस्था पुरेपूर वापरली. बाकावरच्या आठांत सहा फॉरवर्ड आणि दोनच बॅक ठेवायचे, आणि सामन्याच्या मध्यावर जवळपास सगळा पुढचा ताफाच बदलायचा. या ताफ्याला 'बॉम्ब स्क्वॉड' हे नाव मिळालं. २०२३ मध्ये ते सात-एकवर गेले. विश्वचषकाच्या तोंडावर लंडनला न्यूझीलंडला त्यांनी ३५-७ असं हरवलं तेही याच रचनेने, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसला अंतिम सामना १२-११ असा जिंकला तेव्हाही बाकावर सात फॉरवर्ड आणि एक बॅक होता. हे नियमात बसतं आणि त्यामागे हिंमतही आहे. कारण दोन बॅक जखमी झाले तर एखादा फॉरवर्ड काठाकाठाने पळवावा लागेल, ही जोखीम ते पत्करतात. त्याच अंतिम सामन्यात त्यांचा हुकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला आणि डीऑन फूरी, जो त्या काळात फ्लँकर म्हणून, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड म्हणून खेळायचा, त्याला उरलेला सगळा सामना हुकर म्हणून काढावा लागला. फिरती अदलाबदल आली तर बॅकच्या बाबतीतली ती जोखीम जाईल. बॅक जखमी झालाच तर आधी बाहेर काढलेला बॅक परत येईल. सात-एक करायला मग हिंमत लागणार नाही, सगळेच करतील.

सगळेच म्हणजे ज्यांना परवडेल ते. दक्षिण आफ्रिका किंवा फ्रान्सकडे विश्वचषक खेळू शकतील असे डझनभर प्रॉप असतात. पोर्तुगालने २०२३ च्या विश्वचषकात फिजीला २४-२३ असं हरवलं तेव्हा साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. बाकावरची ताकद जितकी जास्त वेळा वापरता येईल तितके असे दिवस दुर्मीळ होत जातील.

मग करायचं काय? २०२१ मध्ये लायन्सच्या काही जुन्या खेळाडूंनी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेला जाहीर पत्र लिहिलं. विली जॉन मॅकब्राइड, इयन मॅकगीखन, गॅरेथ एडवर्ड्स ही मंडळी त्यात होती. त्यांचं म्हणणं असं की बदलांची संख्या खाली आणा, ताज्या दमाच्या धिप्पाड खेळाडूंचा हा ओघ थांबवा, कुणाचा तरी जीव जाईल. सही करणाऱ्यांत एक नाव बॅरी जॉनचं होतं. आंतरराष्ट्रीय रग्बीत ज्याच्यासाठी पहिल्यांदा बदली खेळाडू आला, तोच माणूस त्रेपन्न वर्षांनी सांगत होता की हे फार झालं.

मलाही तोच रस्ता बरोबर वाटतो. बाकावर आठ जण बसू द्या, कारण पहिल्या रांगेसाठी आणि डोक्याच्या दुखापतीसाठी ते लागतातच. पण डावपेच म्हणून करायचे बदल मोजके ठेवा, चार म्हणा. बाकीचे फक्त खऱ्या दुखापतीसाठी, आणि दुखापत खरी की खोटी हे संघाच्या नव्हे तर तटस्थ डॉक्टरने ठरवायचं. दुखणं लपवण्याचा जो वजनदार मुद्दा वर आला, त्याला उत्तर हेच: डोक्याच्या तपासणीसाठी जशी १२ मिनिटांची तात्पुरती सुटी आहे तशी इतर संशयित दुखापतींसाठीही तटस्थ डॉक्टरच्या हाती द्यावी. तपासणीला गेलेला परत येईल, विश्रांतीला गेलेला नाही.

हे सगळं झालं वरच्या स्तराबद्दल. खालच्या स्तरावर माझं मत अगदी उलट आहे, आणि नियमही तिथे वेगळा आहे. वर्ल्ड रग्बीच्या नियमांत देशोदेशींच्या संघटनांना आपापल्या ठरावीक स्तरांवर फिरती अदलाबदल करायची परवानगी आधीपासून आहे, फक्त एकूण बदल १२ च्या वर जाता कामा नयेत. शाळा, कॉलेज, हौशी क्लब यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे. तिथे सात-एक वगैरे खेळायला कुणाकडे तेवढी माणसंच नसतात. शनिवारी सकाळी अठरा जण जमले तर नशीब. त्यातला एखादा पहिल्यांदाच बूट घालून आलेला असतो, एखादा ऑफिसमधून रात्री उशिरा घरी गेलेला असतो. असा माणूस ऐंशी मिनिटं ओढत नेला तर शेवटच्या पंधरा मिनिटांत तो स्वतःलाही इजा करतो आणि समोरच्यालाही. त्याला दहा मिनिटं पाणी पिऊ द्यावं आणि परत आत घ्यावं. बाकावरच्या नवख्या मुलालाही तेवढी दहा मिनिटं मिळतात, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा येतो.

फक्त एक अपवाद तिथेही ठेवायचाच. हौशी स्तरावर डोक्याला मार लागल्याची शंका आली की तो खेळाडू त्या दिवसापुरता बाहेर, परत येणं नाही. मैदानाच्या कडेला बारा मिनिटांत तपासणी करायला तिथे ना तज्ज्ञ डॉक्टर असतो ना व्हिडिओ. बाकी बदल कितीही फिरते असोत, हा एक फिरत नाही.